मूठ

मायन्झाने खांद्याने दार ढकललं. आतून कडी नव्हती, नुसती एक खुर्ची टेकवलेली होती. ती फरशीवर खरडत मागे गेली आणि उलटली. दारावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की पुरुषांनी आणि नातेवाइकांनी आत येऊ नये. त्याने ते वाचलं होतं. वाचूनच ढकललं होतं.

"सिस्टर नामाकोबो कोण आहे इथं?"

हे वाक्य तो सकाळपासून घोळवत आला होता. करिबा सरोवराच्या काठावरून निघालेल्या मालट्रकमध्ये, सुक्या कापेंटा मासळीच्या पोत्यांवर बसून, धुळीने डोळे चुरचुरत असताना त्याने पुढची वाक्यंही नीट रचून ठेवली होती. रविवारी मुखियाच्या अंगणात यायचं. माझ्या आईसमोर उभं राहायचं. माझी बहीण तुमच्या हातात कशी गेली ते तिला तोंडावर सांगायचं. आणि आला नाहीत, तर आमचं अख्खं कूळ तुमच्या दारात येऊन बसेल.

पण त्या खोलीत त्याचं बोलणं कुणाच्या कानावर पडलंय असं दिसलं नाही. सिमालुंडूच्या सरकारी दवाखान्यातली ही बाळंतिणींची खोली लांबट आणि कोंदट होती. सगळ्या खाटा भरलेल्या होत्या आणि दोन खाटांच्या मधल्या फरशीवरही एक पोरगी चितेंगे अंथरून पडली होती, गुडघे वर घेऊन, त्याच कापडाचं टोक दातांत धरून. पडदे लावायच्या तारा होत्या, पडदे नव्हते. नजर कुठं ठेवावी ते न कळून मायन्झाने छताकडे पाहिलं.

"दार लाव," खिडकीजवळून आवाज आला.

बोलणारी बाई बुटकी होती, रुंद खांद्यांची. पायांत गमबूट, पुढे प्लास्टिकचा लांब ॲप्रन. तिची पाठ त्याच्याकडे होती आणि ती खाटेवरच्या एका बाईवर ओणवी झाली होती.

"मी लुयांडोचा भाऊ. आमच्या मुखियाने..."

"कुणाचा का असेनास. दार लाव आणि इकडे ये. येता येता बाह्या वर कर."

तो गेला. का गेला हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. सरोवरात वारा सुटला आणि तराफ्यावरचा मुकादम ओरडला की माणूस प्रश्न विचारत नाही, हाताला येईल तो दोर धरतो. तसंच काहीसं झालं असावं.

खाटेपाशी पोहोचला आणि त्याचा पाय सरकला. त्याने खाली पाहिलं. गादीवरच्या रबरी चादरीच्या कडेवरून रक्त फरशीवर पडत होतं. थेंब थेंब नव्हे. पाण्याचा नळ कुणी अर्धवट बंद करून गेल्यासारखी धार होती.

मगरीने ओढलेला माणूस त्याने एकदा बाहेर काढला होता. मासे चिरण्यात तर जन्म गेला होता. पण हे रक्त कुठल्या घावातून येत नव्हतं. कुणी कुणाला मारलं नव्हतं. बाई ओरडतही नव्हती. तिचे ओठ तेवढे राखेच्या रंगाचे झाले होते आणि ती वर टांगलेल्या पंख्याच्या थांबलेल्या पात्यांकडे बघत होती. जणू काही झालंच नव्हतं.

"ही मरतेय," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"मरतेय म्हणूनच तुला बोलावलं. मूठ वळ."

सिस्टरने त्याचं मनगट पकडलं. तिची पकड पुरुषासारखी होती. त्याची मूठ तिने बाईच्या पोटावर, बेंबीच्या वर, किंचित डाव्या अंगाला टेकवली आणि स्वतःचा हात वरून दाबला.

"दाब. खाली, कण्यापर्यंत. असा कुरवाळू नकोस! मासळीवाला आहेस ना? अंगाला वास मारतोय. जाळं ओढताना लावतोस तसा जोर लाव."

"तिला दुखेल."

"दुखू दे. दुखणारी माणसं जिवंत असतात."

त्याने अंगाचा सगळा भार मुठीवर टाकला. नुकत्याच बाळंत झालेल्या पोटात मूठ रुतत गेली, आणि मग खोल कुठंतरी त्याला एक ठोका लागला. मोठा, जोरकस, मुठीला उलटा धक्का देणारा. जाळ्यात सापडलेला मासा पाण्याखाली उसळी घेतो तसा. मायन्झाने दचकून हात काढून घेतला असता, पण सिस्टरचा हात वरच होता.

"लागला ना ठोका? तोच दाबायचा. त्या रस्त्यानेच रक्त खाली जातंय." तिने दुसऱ्या हाताची बोटं बाईच्या जांघेतल्या नाडीवर ठेवली आणि डोळे मिटले. "आहे अजून... आहे... दाब रे बाबा... अजून..." मग तिने डोळे उघडले. "इथला ठोका थांबला. आता हलायचं नाही. भूकंप झाला तरी नाही. तू सोडलंस की ही गेली."

आणि ती त्याला तिथं तसाच सोडून निघून गेली.

दोन पावलांवरच गेली होती, फरशीवरच्या पोरीकडे. पण मायन्झाला वाटलं, आपल्याला भर सरोवरात एकट्याला टाकून सगळे काठावर निघून गेले. त्याने खाली पाहिलं. धार बारीक झाली होती. मग थेंब. मग थेंबाथेंबामध्ये अंतर पडायला लागलं. त्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

मागे पोरगी किंचाळली.

"नवऱ्याजवळ निजताना असाच गळा काढला होतास का गं?" सिस्टरचा आवाज खोलीभर घुमला. "तेव्हा गोड लागलं ना? आता तोंड मिट आणि पाय उघड!"

मायन्झाचे कान तापले. हेच ते वाक्य. सरोवराकाठच्या प्रत्येक बाईला ते पाठ होतं. पाणवठ्यावर बाया नामाकोबोची नक्कल करून हेच म्हणायच्या आणि हसायच्या, पण ज्यांचे दिवस भरत आलेले असत त्या हसत नसत. त्याला वळून सांगायचं होतं, तोंड सांभाळून बोल. जमलं नाही. वळला असता तर मूठ हलली असती.

"दादा," खाटेवरची बाई पुटपुटली. तिची नजर पंख्यावरून त्याच्यावर आली होती. "तुम्ही कोण?"

"मायन्झा."

"डॉक्टर?"

"नाही."

"मग?"

"मासळी धरतो," तो म्हणाला.

"तिच्याशी बोलत राहा," सिस्टर मागून ओरडली. "तिचं नाव लव्हनेस. झोपू देऊ नकोस."

"काय बोलू?"

"मला काय विचारतोस? मासळीवाले एवढ्या गप्पा हाणता दारूच्या गुत्त्यावर, एक आठवत नाही?"

तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग सलग. काळोख्या रात्री तराफ्यावर दिवे कसे लावतात ते त्याने सांगितलं. दिव्याच्या उजेडाला भुलून कापेंटा वर येते, बोटाएवढी इवलीशी, पण एवढी दाट की पाणी उकळल्यासारखं दिसतं. लव्हनेस ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिच्या पापण्या जड होऊन खाली यायच्या आणि तो आवाज चढवायचा.

"मगरी असतात का?" तिने मध्येच विचारलं.

"असतात. दिव्यात डोळे चमकतात त्यांचे."

"भीती वाटते?"

"वाटते," तो म्हणाला. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझी सासू पीठ आणायला गावी गेलीय," लव्हनेस म्हणाली. "ती आली की सांगा, मुलगी झाली. ती तिकडे टेबलावर आहे. रडली का हो ती? मला ऐकू आलं नाही."

टेबलावर एक गाठोडं होतं. त्यातून एक मूठ बाहेर आली होती, जांभळट, सुरकुतलेली, आणि ती उघडत मिटत होती.

"रडली," मायन्झा म्हणाला. "चांगली रडली."

त्याचे खांदे भरून आले. मग दंडांत कळ यायला लागली. मग कळच नाहीशी झाली आणि खांद्यापासून मनगटापर्यंत काही उरलं नाही, नुसता भार उरला. घाम त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून लव्हनेसच्या पोटावर पडत होता. मागे फरशीवरच्या पोरीचं मूल जन्मलं, त्याचा टाहो खोलीत फुटला. सिस्टरने नाळ कापली, मूल आईच्या छातीवर टाकलं, उठून बादलीतल्या पाण्याने हात धुतले, लव्हनेसच्या दंडात सुई खुपसली, बाटली खिळ्याला टांगली, तिच्या जिभेखाली गोळ्या ठेवल्या. हे सगळं तिने न बोलता केलं. तिचे हात तिच्या तोंडासारखे नव्हते. ते घाई करत होते, पण धसमुसळे नव्हते.

"दुसरी सिस्टर कुठाय?" मायन्झाने विचारलं.

"शहराला, चोमाला. शिबिराला."

"कसलं शिबिर?"

"बाळंतिणींशी प्रेमाने कसं वागावं त्याचं." ती हसली नाही. "मलाही पाठवणार होते. मग इथं कोण, तर कुणीच नाही, म्हणून मी राहिले. प्रेमाचं ती शिकून येईल आणि मला सांगेल."

"आणि डॉक्टर?"

"एका बाईला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलाय. गाडी एकच. ती गेली की मागे राहिलेल्यांनी थांबायचं. रक्तालासुद्धा सांगायचं, थांब रे, गाडी येऊ दे."

तिने लव्हनेसचं पोट बेंबीखाली चाचपलं, चोळलं, पुन्हा चाचपलं. मग पहिल्यांदाच मायन्झाच्या तोंडाकडे पाहिलं.

"गर्भपिशवी आवळतेय. आता हळूहळू सोड. एकदम नाही. गाठ सोडवतात तसं."

त्याने सोडलं. दोघंही खाली बघत होती. एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने आणखी एक.

"वाचेल," सिस्टर म्हणाली. ती पालथी खुर्ची तिने पायानेच सरळ केली आणि तिच्यावर बसली, नव्हे, कोसळली.

*

गाडी परतली, डॉक्टर आला, तेव्हा उन्हं कलली होती. मायन्झा मागच्या ओट्यावर बसला होता. त्याची बोटं मूठ उघडायचं विसरली होती. नामाकोबो पाण्याचा जग घेऊन बाहेर आली. नळ कोरडा होता म्हणून हापशीवरून आणलेलं पाणी ती जपून ओतत होती, आणि तो हात चोळत होता. नखांच्या कडांतलं जात नव्हतं.

"आत आलास तेव्हा काय म्हणत होतास?"

त्याला सगळी वाक्यं आठवत होती. पण आता ती दुसऱ्या कुणीतरी रचल्यासारखी वाटत होती.

"लुयांडो माझी बहीण," तो म्हणाला.

"कोण लुयांडो?"

त्याचे हात थांबले. गावात गेले कित्येक महिने दुसरं नाव निघालं नव्हतं. कुणी म्हणत होतं, देवाची मर्जी. कुणी म्हणत होतं, सासरच्या भाऊबंदांनी तिच्यावर मूठ मारली. बहुतेकजण म्हणत, त्या नामाकोबोने मारली. आणि या बाईला नावसुद्धा माहीत नव्हतं.

"आंबे पिकले होते तेव्हा. पहिलटकरीण. मुलगा झाला, तो आहे आमच्याकडे. तिच्या कपाळावर भाजल्याचा डाग होता, लहानपणीचा."

नामाकोबोने जग खाली ठेवला.

"पिवळं चितेंगे," ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशीही मी एकटी होते." ती समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होती. "दोघी एकदम बाळंत झाल्या. दोघींचं रक्त जायला लागलं. दुसरी गळा फाडून ओरडत होती, आई गं, मेले गं. मी तिच्याकडे गेले. तू दाबलंस ना, तसंच तिचं दाबत बसले. तुझी बहीण त्या कोपऱ्यात होती, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, झोप लागली. हूं नाही की चूं नाही. एकदा जरी ओरडली असती ना..."

मायन्झाला एकदम आईचं बोलणं आठवलं. दफनाला आलेल्या बायांना आई पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, डोळे पुसत, मान ताठ करून. माझी लेक शेवटपर्यंत ओरडली नाही हो. मी बजावूनच पाठवलं होतं, ती सिस्टर ओरडणाऱ्यांचा राग करते, मारते. दातांत कापड धर, पण तोंडातून आवाज काढू नकोस. नाही काढला हो माझ्या लेकीने. घराण्याची लाज राखली.

"तुम्हीच तर म्हणता, तोंड मिट," तो म्हणाला.

त्याने हे रागाने म्हटलं नव्हतं. तरी नामाकोबो अशी दचकली, जणू कुणी थोबाडीत दिली. आतून कुणीतरी हाक मारली, सिस्टर, सिस्टर. ती उठली नाही. तिचे ओले हात ॲप्रनवर पालथे पडले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"सिस्टर!" आतून पुन्हा हाक आली.

मग ती उठली आणि आत गेली. रविवारचा निरोप मायन्झाच्या तोंडातच राहिला.

*

तो घरी पोहोचला तेव्हा अंगणात चूल पेटलेली होती. आई मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होती. लुयांडोचा मुलगा तिच्या पाठीशी बांधलेला, मान टाकून झोपला होता. पोराच्या अंगावर अजून मांस धरलं नव्हतं. बकरीचं दूध त्याला कधी पचे, कधी नाही.

"भेटली का ती चेटकीण?" आईने मागे न बघता विचारलं.

"भेटली."

"रविवारी येते म्हणाली?"

मायन्झा चुलीसमोर बसला. आईने वळून पाहिलं आणि तिचा घोटणा भांड्यातच थांबला.

"ते काय आहे सदऱ्यावर? मारलंस की काय तिला?"

"नाही, आई. एका बाईचं आहे. बाळंत झाली होती. रक्त थांबत नव्हतं."

"अरे देवा." आईने तोंडावर हात ठेवला. "गेली?"

"नाही. जगली."

"रक्त थांबत नव्हतं म्हणतोस ना?"

"नंतर थांबलं."

आई त्याच्याकडे बघत राहिली. न्शिमा करपायला लागल्याचा वास आला, पण ती हलली नाही. "कशाने थांबलं? औषधाने?"

"औषध नंतर दिलं. आधी दाबून धरलं. मी दाबलं. सिस्टरला हात मोकळे नव्हते, म्हणून मला सांगितलं." त्याने मूठ वळून दाखवली. "अशी. पोटावर."

"तू?"

"मी."

आईने भांडं चुलीवरून उतरवलं आणि जमिनीवर ठेवलं. खाली बसली. पाठीवरचं मूल कुरकुरलं, तिने सवयीने अंग झुलवलं.

"म्हणजे ते थांबवता येतं," ती म्हणाली.

मायन्झाने वळलेली मूठ मांडीवर ठेवली.

"मला म्हणाले, बाई, रक्त गेलं, काय करणार. मी म्हटलं, खरंच, काय करणार. पाऊस कुणी थांबवतं का? मरण कुणी थांबवतं का?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी त्याच भिंतीला टेकून बसले होते रे. बाहेरच्या बाजूने. आत बादली सरकवल्याचासुद्धा आवाज येत होता. दुसऱ्या पोरीची आई होती माझ्या शेजारी. आम्ही एकाच ताटलीत भुईमूग खात होतो. तिची पोर ओरडत होती आणि ती बिचारी रडत होती, मी तिची समजूत काढत होते. म्हटलं, माझी बघ कशी गप्प आहे."

चुलीतलं लाकूड तडकलं.

"ती दुसरी जगली," आई म्हणाली. "तिच्या आईने आनंदाची आरोळी ठोकली, मीही ठोकली तिच्याबरोबर. सिस्टर तिच्याकडे होती का?"

"हो. एकटीच होती. दोघी एकाच वेळी..."

"मग तिच्याकडेच का गेली? माझ्या लेकीकडे का नाही?"

मायन्झाने चुलीतलं लाकूड आत सारलं. ते सारायची गरज नव्हती.

"माहीत नाही," तो म्हणाला. "जी जवळ असेल तिच्याकडे गेली असेल."

आईने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाठीवरचं मूल सोडलं, चटईवर निजवलं, त्याच्यावर कापड पांघरलं.

"मुखियाला सांग, रविवारी बैठक नको."

"तिला माफ केलंस?"

"नाही." आईने चितेंग्याच्या टोकाने नाक पुसलं. "पण ती इथं येऊन माझ्यासमोर उभी राहणार, तेव्हा तिथं कोण असेल? तिला तिथून हलवू नका. माफी नाही, पण हलवू नका."

ती चटईवर बसली आणि मग, मुलाच्या बाजूला, पाठीवर आडवी झाली. कमरेचं चितेंगे तिने थोडं सैल केलं.

"दाखव मला."

"काय?"

"कुठं दाबलंस ते दाखव."

"आई, राहू दे ना."

"दाखव म्हणते ना."

तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. ज्या पोटातून तो आणि लुयांडो आले होते ते आता चपटं, सैल, सुरकुतलेलं होतं. त्याने मूठ वळली. बेंबीच्या वर, किंचित डाव्या अंगाला, हलकेच टेकवली.

"एवढ्या हलक्या हाताने?"

"नाही. जोराने."

"मग जोराने दाब."

त्याने दाबलं. खोलवर तो ठोका लागला, म्हाताऱ्या अंगातला, तरी तेवढाच उसळणारा. आईने डोळे मिटले नाहीत. ती वर बघत होती. तिथं पहिल्या चांदण्या उमटत होत्या.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

आईने आपले दोन्ही हात उचलले. जन्मभर मुसळाने मका कांडून कांडून ते राठ आणि रुंद झाले होते. ते तिने त्याच्या मुठीवर एकावर एक ठेवले, आणि त्याच्यापेक्षा जास्त जोराने खाली दाबले.